बारा एकरांत कुणाचा चेहरा

ल्युमिर मामा दरवर्षी जूनमध्ये आपल्या बारा एकर मक्यात आमच्या कॉलेजच्या क्वार्टरबॅकचा चेहरा कापतो. मका गुडघ्याएवढा असताना चेहऱ्याच्या रेघांच्या वाटा कापायच्या, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत उरलेला मका डोक्यावरून जातो आणि चेहऱ्याचा चक्रव्यूह होतो. लोक हनुवटीतून आत शिरतात, तासभर गालात हरवतात आणि डाव्या कानातून बाहेर पडून सफरचंदाचा गरम रस पितात. नेब्रास्कात याला कुणी वेडेपणा म्हणत नाही. सहल म्हणतात.

क्वार्टरबॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या संघातला तो एक जण, ज्याच्या हातात चेंडू आधी येतो आणि ज्याच्या डोक्यावर खापर नंतर फुटतं.

अडचण एकच आहे. मका जूनमध्ये गुडघ्याला लागतो, आणि हंगामाची सुरुवात कोण करणार हे प्रशिक्षक हॅलवर्सन ऑगस्टच्या शेवटी सांगतात. मक्याला थांब म्हणता येत नाही आणि हॅलवर्सन सरांना लवकर म्हणता येत नाही. त्यामुळे मामाला दोन महिने आधी अंदाज बांधावा लागतो. मागची तीन वर्षं त्याने तो बांधला.

पहिल्या वर्षी ज्याचा चेहरा कापला, त्या मुलाची मान पहिल्या सामन्याच्या सकाळी दात घासताना लचकली. दुसऱ्या वर्षीचा मुलगा जुलैमध्ये कॉलेज बदलून नदीपलीकडच्या विद्यापीठात गेला. त्या विद्यापीठाचं नाव आमच्या घरात घेत नाहीत. तोवर त्याचा चेहरा कमरेएवढा वाढला होता. मामाने रागाने यंत्र घालून त्याला मिशा कापल्या, पण त्या त्याला शोभल्या. तिसऱ्याला ऑगस्टमध्ये साक्षात्कार झाला की आपल्याला खरं तर बासरी वाजवायची आहे. तो आजही प्रत्येक सामन्याला मैदानावर असतो. बँडमध्ये, दुसऱ्या रांगेत.

तिसऱ्या वर्षीच्या नाताळात डार्लीन मामीने फ्रीजच्या दारावर एक कागद चिकटवला. ‘पुढच्या हंगामात पहिल्या सामन्याचा पहिला चेंडू मक्यातल्या मुलाच्या हातात आला नाही, तर त्या बारा एकरांत यापुढे भोपळे.’ खाली तिची सही होती, त्याखाली मामाची. मामाची सही थोडी वाकडी आली होती, कारण तो तेव्हा हॅम कापत होता.

मामाला भोपळ्यांबद्दल विचारू नये. तो म्हणतो, भोपळा हे पीकच नव्हे. नुसतं पडून राहायचं आणि फुगायचं, हे काम त्याचा मेव्हणाही करतो. मेव्हणा म्हणजे माझे वडील. मामा सगळा हिवाळा चौकटीच्या कागदावर नाकं आणि भुवया काढत बसतो. एरवी तो दिवसाकाठी वीसेक शब्द बोलत असेल. बाकीचं जे काही त्याला म्हणायचं असतं ते तो त्या बारा एकरांत म्हणतो. मामीला हे माहीत होतं. म्हणूनच तिने दुसरं कुठलं शेत लिहिलं नव्हतं.

एप्रिलमध्ये सराव सामना झाला आणि कॉलेजने क्वार्टरबॅकची यादी लावली. तिच्यावर पहिल्या ओळीत लिहिलं होतं : ‘रूझिका किंवा ब्रूअर’.

दुसऱ्या ओळीत माझं नाव होतं. एमेट ड्व्होराक. मी संघात आहे हे गावात फारसं कुणाला आठवत नाही, आणि मी आठवण करून देत नाही. माझं काम कडेला उभं राहून चित्रांचा फलक उंच धरायचं. चार जण चार चित्रं धरतात, त्यातलं एक खरं असतं. ते पाहून आपल्या खेळाडूंना पुढची चाल कळते. बाकीची तीन समोरच्यांना फसवायला असतात. माझ्या फलकावर टोस्टर आहे. तीन वर्षांत टोस्टर एकदाही खरा निघालेला नाही.

यादी लागली त्या दिवसापासून शेतकरी सोसायटीच्या गोदामात सकाळी सहाला वाद सुरू झाला. तिथे तराजूशेजारी कॉफीचं एक लांब टेबल आहे. डाव्या बाजूला कीगन रूझिकाची माणसं बसली आणि उजव्या बाजूला मालाकाय ब्रूअरची. कीगन आमच्याच गावचा. चार वर्षं बाकावर बसून हे त्याचं शेवटचं वर्ष. तो चेंडू असा टाकतो, जणू आईने काचेचं भांडं शेजारी द्यायला सांगितलंय. मालाकाय टेक्सासहून आलेला. तो चेंडू इतका लांब टाकतो की खाली येईपर्यंत माणसाने एक बिस्कीट खाऊन घ्यावं. फक्त तो कुठे येणार हे त्यालाही नक्की माहीत नसतं.

डावीकडचे म्हणत, जो चुकत नाही तो खेळू दे. उजवीकडचे म्हणत, जो काही करतच नाही तो चुकणार कसा. सलूनवाला मर्ल टिब्स उजव्या बाजूचा पुढारी, कारण मालाकाय त्याच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. मर्लने एकदा रागात साखरेची बरणी मालाकाय आणि मिठाची डबी कीगन समजून टेबलावर चाल करून दाखवली. त्या दिवशी सगळ्यांनी खारट कॉफी प्यायली आणि कुणी कबूल केलं नाही. मी त्यांच्या कपांत कॉफी ओतत होतो, कारण उन्हाळ्यात मी सोसायटीत कामाला असतो. ‘संघातलं कुणी इथे असतं तर विचारलं असतं,’ असं मर्ल दोनदा म्हणाला. मी त्याला अजून कॉफी हवी का विचारलं.

मामा मध्यभागी बसून ऐकायचा. त्याचं ठरलेलं होतं. पाकिटात त्याने कीगनचा फोटो ठेवला होता आणि मार्चपासून चौकटीच्या कागदावर कीगनची हनुवटी तयार होती. मामाचा अंदाज होता की हॅलवर्सन सरांसारखा घाबरट माणूस शेवटी न चुकणाऱ्यालाच निवडणार. मला वाटतं तो अंदाज बरोबर होता.

मे महिन्यात जोलीन रूझिका, म्हणजे कीगनची आई, मामाच्या स्वयंपाकघरात आली. हातात जर्दाळूच्या कोलाचेंचं, म्हणजे फळ भरलेल्या गोड पावांचं, ताट होतं. आमच्याकडे कोलाचे घेऊन कुणी आलं तर एक तर मयत असते किंवा मागणं असतं. मामाने टोपी काढून ठेवली, दोन्हींची तयारी म्हणून.

“ल्युमिर,” ती म्हणाली, “तू या वर्षी कीगनला कापणार आहेस असं ऐकलं.”

मामा म्हणाला, विचार आहे.

“कापू नकोस.”

मामाने कोलाचे उचलला होता, तो तसाच हातात राहिला.

“मी काही खुळी बाई नाही,” जोलीन म्हणाली. “पण मान, नदीपलीकडे, बासरी. तीनला तीन. चार वर्षं झाली, मी दर रविवारी एक कोरी जर्सी धुते. डाग नाही, माती नाही. साबण लावते, काय म्हणून लावते देव जाणे. एकदा तरी मला मळलेली धुऊ दे. मक्यात दुसऱ्या कुणालाही घाल.”

मामीने तिला कॉफी दिली. फ्रीजवरच्या कागदाबद्दल कुणी काही बोललं नाही. जोलीन त्याच्या अगदी समोर बसली होती, पण त्यावर मामीने दंतवैद्याच्या भेटीची चिठ्ठी लावली होती. ती मामीने त्याच वेळी का लावली, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मर्ल आला. तो आधीच सांगून मोकळा झाला की आपण अंधश्रद्धाळू नाही. मर्लच्या पायात जे मोजे असतात ते सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका विजयानंतर धुतलेले नाहीत, म्हणून सामन्याच्या दिवशी त्याच्या रांगेत जागा नेहमी मिळते. तो म्हणाला, मालाकाय लांबून आलेला पोर आहे, त्याच्या घरी काय सांगायचं, मक्याने खाल्ला म्हणून? कीगनला काप. कीगनला हनुवटी आहे, शेताला शोभेल.

बातमी फुटली आणि सोसायटीतला वाद रातोरात उलटला. आता डावीकडचे कीगनवाले मालाकायचे गुण गाऊ लागले, म्हणजे मामाने मालाकायला कापावं. काय त्याचा हात, काय त्याची नजर, असा मुलगा दहा वर्षांत होत नाही. उजवीकडचे मालाकायवाले टेबलावर मुठी आपटून सांगू लागले की कीगनसारखं डोकं या जिल्ह्यात नाही. दोन्ही बाजूंनी आकडे आणले. एकाने वर्तमानपत्राची जुनी कात्रणं आणली. स्वतःच्या माणसाची निंदा करायलाही कुणी कमी केलं नाही. मर्लने भर टेबलावर सांगितलं की मालाकाय नळ नीट बंद करत नाही आणि असा माणूस संघ काय सांभाळणार.

यातून जे व्हायचं ते झालं. आठ दिवस इतकं मनापासून बोलल्यावर त्यांचं त्यांनाच पटलं. जूनच्या पहिल्या सोमवारी मी कॉफी घेऊन आलो तर कीगनवाले सगळे उजवीकडे बसले होते आणि मालाकायवाले डावीकडे. मग त्यांच्या लक्षात आलं की आता पुन्हा मागणी बदलायला हवी. गुरुवारपर्यंत ते दोनदा खुर्च्या बदलून दमले. एक जण मधल्या खुर्चीवर बसून राहिला आणि म्हणाला, मला कुणी तरी फक्त सांगा मी कोणाचा आहे.

मका मात्र वाढत होता. शुक्रवारी मामाने शेतात उभं राहून पाहिलं, तो गुडघ्याच्या वर दोन बोटं गेला होता. शनिवारी कापायलाच हवा होता.

शनिवारी सकाळी अर्धी सोसायटी बांधावर जमली. जोलीनही आली होती. तिच्या हातात या वेळी ताट नव्हतं, त्यामुळे ती जास्तच गंभीर वाटत होती. मी छोट्या कापणीयंत्रावर बसून होतो. दरवर्षी मीच चालवतो, मामा पुढे झेंड्या रोवत जातो. मामाच्या एका खिशात कीगनची हनुवटी होती. दुसऱ्या खिशात काही नव्हतं. मालाकायला त्याने काढलंच नव्हतं.

मामा जोलीनकडे बघत होता. मग मक्याकडे. मग घराकडे, जिथे फ्रीज होता. त्याला ठाऊक होतं की कीगन कापला तर शेत वाचतं. हेही ठाऊक होतं की मक्याने आजवर कुणाचं काही बिघडवलेलं नाही, मानेने बिघडवलं होतं. पण त्या बाईने कोऱ्या जर्सीला साबण लावला होता.

“बरं,” मामा म्हणाला. “कुणाला कापलं तर कुणाचीच हरकत नाही?”

कुणी प्रशिक्षकांचं नाव काढलं, पण त्यांना आधीच रक्तदाब आहे. कुणी नदीपलीकडच्या क्वार्टरबॅकचं नाव सुचवलं, म्हणजे बाधा तरी तिकडे जाईल. मामा म्हणाला, त्याला माझं खत घालणार नाही.

जोलीन यंत्राकडे बघत होती. तिथे मी होतो.

“हा आहे की, एमेट,” ती म्हणाली. “याचं काय वाईट होणार? हा तर खेळतच नाही.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच माझ्यावर एकमत होत होतं. मर्लने विचारलं, हा संघात आहे? मी हो म्हटलं. “मग आधी नाही बोललास,” तो म्हणाला. आणि लगेच जोडलं की आपल्याला चालेल, याचे केस आपणच कापतो, सोपे आहेत.

मी मामाला बाजूला घेऊन सांगितलं की मामा, मी तर पहिला सोड, शेवटचा चेंडूही धरणार नाही. भोपळे ठरलेत.

“माहीत आहे,” मामा म्हणाला. “जरा सरळ बस. नाक कसं आहे ते बघू दे.”

त्याने कीगनचा कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला मला दहा मिनिटांत काढलं. बाकीच्यांना त्याला सगळा हिवाळा लागायचा. मी म्हटलं, इतका पटकन? तो म्हणाला, तुझ्यात फार काही नाही. मग आम्ही दिवसभर मला कापलं. स्वतःच्या उजव्या भुवईतून यंत्र चालवत जाणं हा एक शांत अनुभव आहे. संध्याकाळी फवारणीच्या विमानाचा पायलट वरून बघून आला आणि म्हणाला, छान आलंय, फक्त हा कोण ते कळत नाही.

सोमवारी मामीने भोपळ्याच्या बियांची यादी मागवली आणि जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवली. मामा सगळा जुलै त्या यादीवर ताट ठेवून जेवला. त्याने काही तक्रार केली नाही, पण दिवसाचे वीस शब्द होते ते बारावर आले. ऑगस्टमध्ये तो रोज सकाळी माझ्या डोक्याभोवती एक फेरी मारायचा, हात मागे बांधून, जसं कुणी विकलेल्या घराभोवती मारतं.

पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवसापर्यंत कॉलेजच्या यादीवर ‘किंवा’ तसाच होता. हॅलवर्सन सरांना झोप लागत नव्हती. एकाचं नाव आधी घेतलं तर अर्धं गाव चिडणार, दुसऱ्याचं घेतलं तर उरलेलं अर्धं, आणि खुर्च्या इतक्या वेळा बदलल्या होत्या की कोणतं अर्धं कुठलं हेही कळत नव्हतं. शुक्रवारी दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं टोस्टरबद्दल असेल.

टेबलावर कापडाखाली एक ताट होतं. कापडाच्या कडेतून जर्दाळू दिसत होता. जर्दाळूचे कोलाचे आमच्या गावात एकच बाई करते.

“जोलीन येऊन गेली,” सर म्हणाले. “त्या फ्रीजवरच्या कागदाचं तुझ्या मामीने तिला सांगितलं म्हणे. ती म्हणाली, ल्युमिरने माझ्या मुलासाठी शेत सोडलं, आता तुम्ही एक चेंडू सोडा.”

मी म्हटलं, सर, मला टाकता येत नाही.

“टाकायला कोण सांगतंय? चेंडू हातात आला की गुडघा टेक. गुडघा टेकला की तो डाव संपला. मग बाहेर ये. तुझ्यामागून दोघेही आळीपाळीने जातील, आणि सुरुवात कुणी केली यावरून माझ्या दारात कुणी येणार नाही. मक्याची जी काही बाधा असेल ती तू घेऊन ये.”

मी विचारलं, आणि टोस्टर कोण धरेल? सरांनी मला जायला सांगितलं.

शनिवारी दुपारी माझं नाव भोंग्यावरून पुकारलं गेलं. भोंग्यावर बोलणाऱ्याने ते वाचून थोडं थांबून पुन्हा एकदा वाचलं. पंधरा हजार लोक उभे राहिले, कारण ते तसेही उभेच असतात. चेंडू माझ्या हातात आला. तो मला वाटला होता त्यापेक्षा लहान होता. मी गुडघा टेकला. समोरचे अकरा धिप्पाड इसम माझ्याभोवती येऊन थांबले आणि त्यातल्या एकाने अगदी आपुलकीने विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, झालं माझं.

मी पळत बाहेर आलो आणि कडेला आडव्या पडलेल्या टोस्टरच्या फलकाला अडखळलो. डाव्या पायाचा अंगठा मोडला. बँडमधल्या बासरीवाल्याने माझ्याकडे बघून मान डोलावली, समदुःखी माणसासारखी. गॅलरीत मर्ल शेजाऱ्यांना सांगत होता, चारला चार.

मग कीगन आत गेला आणि तिसऱ्याच डावाला चिखलात असा आडवा झाला की जर्सीवरचा आकडा दिसेना. जोलीन टाळ्या वाजवत होती. त्यानंतर मालाकायने आत जाऊन एक चेंडू लांब टाकला, मर्लने खिशातून बिस्कीट काढलं, आणि चेंडू आमच्याच माणसाच्या हातात पडला. यावर सगळ्यांत जास्त आश्चर्य मालाकायला वाटलं. आम्ही जिंकलो. कितीने ते महत्त्वाचं नाही. तीनने.

रविवारी मामाने वर्तमानपत्र फ्रीजच्या कागदाशेजारी लावलं. त्यात बारीक अक्षरांत संघ छापला होता, आणि क्वार्टरबॅकच्या जागी, सुरुवातीला, मी होतो.

“एक गुडघा,” मामी म्हणाली. “एक गुडघा टेकला त्याने, ल्युमिर. याला खेळणं म्हणतात?”

“कागदावर गुडघ्यांचं काही लिहिलेलं नाही,” मामा म्हणाला.

मामीने कागद दोनदा वाचला, मग काढून चार घड्या घातल्या आणि बियांच्या यादीसकट कचऱ्याच्या डब्यात टाकला. ती हसत नव्हती. पण दंतवैद्याची चिठ्ठी तिने मे महिन्यात का लावली आणि ऑगस्टमध्ये जोलीनला का सांगितलं, हे आता मला विचारायची गरज उरली नव्हती. त्या दुपारी मामा सलग चाळीस मिनिटं बोलला, बहुतेक भुवयांबद्दल. रूझिकांच्या अंगणात दोरीवर कीगनची जर्सी वाळत होती, सगळ्या चिखलासकट. जोलीनने ती धुतलीच नव्हती.

ऑक्टोबरमध्ये चक्रव्यूह उघडला. पायाला प्लॅस्टर असल्यामुळे मला तिकिटांच्या खिडकीवर बसवलं. शेवटच्या रविवारी एक म्हातारं जोडपं माझ्या डाव्या कानातून बाहेर आलं. ते ओमाहाहून आले होते आणि पावणेदोन तास माझ्या नाकपुडीत अडकले होते. आजोबांनी रसाचा पेला घेतला आणि माझ्याकडे निरखून बघत विचारलं की बाबा, हा चेहरा कुणाचा?

मी म्हटलं, यंदा पहिल्या सामन्याची सुरुवात ज्याने केली त्याचा.

आजी म्हणाली, म्हणजे रूझिका. आजोबा म्हणाले, ब्रूअर. दोघं तिथेच वाद घालू लागली, आणि रांग थांबली. शेवटी आजोबांनी मला विचारलं, “तूच सांग, पोरा. रूझिका का ब्रूअर?”

“किंवा,” मी म्हटलं, आणि पुढच्यांना तिकीट दिलं.